तबकडीच्या शेवटचं नाव

१

दुपारी एक वाजला की मी शटर अर्ध्यावर ओढतो. तंजावूरच्या उन्हात एक ते चार कोणी जुनी समई घ्यायला येत नाही. आलाच तर पत्ता विचारायला येतो. राजवाड्यामागच्या गल्लीत माझं जुन्या वस्तूंचं दुकान आहे. पितळ, लाकडी चौकटी, बंद पडलेली घड्याळं, आणि मागच्या खोलीत ग्रामोफोन व त्याच्या तबकड्या. शाळा मी सातवीत सोडली. पुढचं सगळं शिकलो ते लोकांच्या माळ्यांवरून उतरवलेल्या सामानातून. देवनागरीसुद्धा रद्दीत आलेल्या पोथ्यांवरून शिकलो, त्यामुळे माझं मराठी तुम्हांस कुठे कुठे जुनं वाटेल. आमच्या घरांत ते तीनशे वर्षांपूर्वी इथे आलं आणि त्याला परत न्यायला कोणी आलं नाही.

शटर अर्ध्यावर आलं की दहा-पंधरा मिनिटांत त्याखालून वाकून रघोजी आत यायचा. सव्वीस वर्षं हा नेम. रघोजी आमच्या मराठी घरांतला गोंधळी. लग्न ठरलं की कुलदेवीचा गोंधळ घालायला तोच. पण अशी लग्नं वर्षाला पाच-सहा. उरलेले दिवस तो माझ्या मागच्या खोलीतल्या वेताच्या खुर्चीत बसून जुन्या तबकड्या ऐके. ऐकतानाही स्वस्थ बसत नसे.

“अण्णा, आता ऐका. इथे गाणाराला मागून दंडाला धरून ओढलंय.”

“तुला कसं कळलं?”

“सूर चढवायच्या आधी आवाज लांब गेला. कर्ण्यात तोंड घालून गायचे हो तेव्हा. चढा सूर आला की साहेबाचा माणूस मागे ओढायचा, नाहीतर ज्यावर आवाज कोरायचे ते मेण फाटायचं.” मग हसून, “आमची अंबा म्हणते, मज असा कोणी ओढणारा ठेवायला हवा होता.”

अंबा म्हणजे त्याची बायको.

या सगळ्यात त्याला सर्वांत जास्त आवडे तो तबकडीचा शेवट. त्या काळी तबकड्या परदेशी छापायला जात. कोणतं गाणं कोणाचं हे तिकडच्या कारागिराला कळावं म्हणून गाणारा शेवटी स्वतःचं नाव सांगे. नाव आणि गाव. मग खरखर, मग संपलं. ते नाव आलं की रघोजी डोळे मिटून मान डोलवी, गाण्याला दिली नसेल एवढी दाद त्या दोन शब्दांना देई.

“गाणं कोणीही गाईल, अण्णा. आमच्या घराण्यात सात पिढ्या गायल्या. नाव कुठाय? माझं रेशन कार्डावर आहे, तेही चुकीचं छापलंय.”

मी हसायचो. त्याला ते हसण्यावारी न्यायचं नव्हतं, हे मला ठाऊक होतं.

२

गेल्या मार्गळीत, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, तिरुवैयारूच्या गंगाबाईंनी निरोप पाठवला. आमच्यातल्याच, ऐंशीच्या पुढच्या. घर विकून मुलीकडे कोइंबतूरला निघाल्या होत्या. मी टाऊन बसनं गेलो. अशा घरी गेल्यावर आधी कॉफी प्यायची, मग गेलेल्या माणसाबद्दल दोन शब्द बोलायचे, आणि सामानाकडे शेवटी पाहायचं, असा माझा शिरस्ता. सामानाकडे आधी पाहणारा दलाल दारातून परत जातो.

बारा-तेरा तबकड्या होत्या, साध्याच. निघताना स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो तर पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून एक तबकडी ठेवलेली. एकाच बाजूला रेघा, दुसरी बाजू कोरी. म्हणजे फार जुनी. मधला कागद नखानं खरवडावा तसा काढलेला.

“हीही द्यायची का?” मी विचारलं.

“न्या की. डबाच राहायचा नाही तर झाकण कशास?” गंगाबाई म्हणाल्या. “यांनी झाकून ठेवली होती. मी लग्न होऊन आले तेव्हापासून पालथीच आहे.”

पिठानं पांढरी झालेली ती तबकडी मी वर्तमानपत्रात गुंडाळली. बसमध्ये खिडकीशी बसून तिच्यावर तिरपा उजेड पाडून पाहिलं. आमच्या धंद्यात सुई लावण्याआधी रेघा वाचतात. झिजलेली तबकडी करडी दिसते. ही काळीकुट्ट होती. फार तर चार-पाच वेळा वाजली असेल.

३

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ती पुसून लावली. रघोजी खुर्चीत कॉफी निववत होता. संबळाचे दोन ठोके पडले आणि त्याचा हात तसाच थांबला.

गोंधळ होता. आमच्या मराठीत, आमच्या इथला. देवीला बोलावणं चाललेलं, गावं घेत घेत, डोंगर उतरून, नद्या ओलांडून, कावेरीच्या काठाशी. आवाज साधा, किंचित घशातला. दुसऱ्या कडव्यात एके ठिकाणी गाणारा खोकला, आणि खोकला गाण्यात मुरवून पुढे गेला. मग ‘ये’ या शब्दावर त्यानं एक वळण घेतलं, वर जाऊन अर्ध्यातच सोडून दिलेलं.

“हे आमचं,” रघोजी म्हणाला. त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता. “हे वळण आमच्या घरात सोडून कोणी घेत नाही. माझे आजे घेत. अण्णा, हा आमच्यातला कोणीतरी आहे.”

गाणं संपलं. आता नाव यायचं. रघोजी खुर्चीच्या कडेला आला.

नाव आलं नाही.

सुई मात्र रेघेतच होती. नुसती खरखर असती तर मी ती उचलली असती. पण त्या खरखरीमागे एक खोली होती. तबकड्या ऐकून ऐकून हे कळतं. भिंत किती लांब, जमीन दगडाची की लाकडाची. त्या खोलीत कोणीतरी श्वास घेऊन उभं होतं. मग पितळेचं फुलपात्र जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला, टक्‌. मग पुन्हा तो श्वास. आणि सुई आतल्या वर्तुळात जाऊन गरगरू लागली.

“विसरला,” मी म्हणालो.

“नाव कोणी विसरेल?”

“मेण संपलं असेल मग.”

रघोजीनं सुई उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाला, “वाट पाहत होता, अण्णा. कोणीतरी सांगेल म्हणून.”

४

त्यानंतर त्यानं दुसरी तबकडी लावू दिली नाही.

मी व्यापारी माणूस. जे बिनसतंय असं वाटतं ते आधी मोजून पाहतो. या आकाराची तबकडी तीन मिनिटांहून फार चालत नाही. पहिल्या दिवशी ती शेवटची शांतता मला दहा-बारा सेकंदांची वाटली होती. चौथ्या दिवशी घड्याळ लावून पाहिली तर एकवीस. आठव्या दिवशी चाळीस. रेघा तेवढ्याच, सुई तेवढीच पुढे सरकत होती.

स्प्रिंग सैल झाली असणार, असं मी ठरवलं. चावी दिलेली यंत्रं म्हातारी झाली की हळू चालतात. पण मग सूरही खाली बसतो. रघोजीनं तुणतुणं आणून तबकडीच्या सुराला लावलं होतं. रोज जुळवून पाही. सूर केसभर हलला नव्हता. मी स्प्रिंग बदलली. शांतता पन्नास सेकंदांवर गेली.

गोंधळाची एक रीत सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. गोंधळात मुख्य गाणारा एक, आणि त्याच्यामागे सूर धरणारा झीलकरी एक. मुख्य गाणारा एखाद्या नावावर अडला, तर झीलकऱ्यानं ते नाव पुरवायचं. नाव लोंबकळत ठेवायचं नाही. रघोजी लहानपणी बापामागे पंधरा वर्षं झीलकरी होता. ती सवय जिभेत बसलेली असते.

नवव्या दिवशी त्या शांततेत तो पुढे वाकला आणि म्हणाला, “व्यंकोजी, तंजावूर.” हे त्याच्या पणजाचं नाव.

खोलीतला श्वास तसाच राहिला.

“अरे, ती तबकडी आहे,” मी म्हणालो. “टेलिफोन नाही.”

“ठाऊक आहे हो. पण बरं वाटत नाही, ताटकळत ठेवायला.”

दुसऱ्या दिवशी त्यानं आज्याचं नाव दिलं. तिसऱ्या दिवशी बापाचं. फुलपात्र ठेवल्याचा आवाज दर वेळी त्यानंतर येई, नको म्हणून ताट सरकवावं तसा.

पुढच्या शुक्रवारी मी शटरपाशी एका बाईंना दिवा दाखवत होतो. मागून गाणं ऐकू येत होतं, ते संपलं. शांतता सुरू झाली. बाई म्हणाल्या, “आत कोणी आजारी आहे का? श्वास ऐकू येतोय.” मी काही म्हणायच्या आत आतून रघोजीचा आवाज आला. खणखणीत, छाती काढून बोलावं तसा.

“रघोजी, तंजावूर.”

सुई टुणकन आतल्या वर्तुळात गेली. फुलपात्राचा आवाज आला नाही.

मी आत गेलो तेव्हा तो हसत होता. एवढा थकलेला आणि एवढा खुश माणूस मी पाहिला नाही. “लावा परत,” म्हणाला. मी लावली. त्यानं ओठ मिटून घेतले होते, ते मी डोळ्यांनी पाहिलं. गाणं संपलं, आणि जिथे शांतता होती तिथे, लगेच, कर्ण्यातून नाव आलं. रघोजी, तंजावूर. मग खरखर. तीन मिनिटं सहा सेकंद, सगळं मिळून.

माझे कान सत्तरीचे आहेत. नाव आधीपासून असेल, मला ऐकू आलं नसेल. घराण्यात एक नाव चार पिढ्यांनी परत येतंच. असं मी त्या रात्री अंथरुणावर स्वतःला समजावलं. सरी, म्हणजे बरं, म्हणालो आणि झोपलो.

५

पुढच्याच महिन्यात, थैमध्ये, माझ्या नातीचं, संगीताचं लग्न होतं. मुलगा बेंगळूरुचा, कॉम्प्युटरवाला. मंडपवाल्यांनी हॉल सहा वाजता रिकामा करायला सांगितलं होतं म्हणून गोंधळ भर दुपारी साडेतीनला ठेवला. रघोजीचा झीलकरी भरद्वाज मुलाकडे होसूरला राहायला गेलेला. मागे ‘जी जी’ म्हणायला मीच उभा राहिलो.

रघोजी आल्यापासून गप्प होता. अंबा म्हणाली, “दोन दिवस असेच आहेत. उपास धरलाय वाटतं.” तिनंच त्याच्या गळ्यात कवड्यांची माळ घातली.

संबळ वाजलं आणि तो गाऊ लागला. सुरेख गायला. देवीला बोलावणं, गावं, डोंगर, नद्या. दुसऱ्या कडव्यात तो खोकला, आणि खोकला गाण्यात मुरवून पुढे गेला. माझं ‘जी जी’ चुकलं. मग ‘ये’वर ते वळण, वर जाऊन अर्ध्यात सोडलेलं. मग तो थांबला.

इथे गोंधळ्यानं आपलं आणि यजमानाचं नाव घेऊन पुढे जायचं असतं. तो उभाच. तोंड किंचित उघडं, श्वास घेतलेला. पुढे शंभर माणसं सतरंजीवर, हातात कागदी पेले. कोणाचं मोबाईलवर चित्रण चालू होतं. त्या शांततेत माझ्या अगदी जवळ, पितळेचं फुलपात्र जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला. मी खाली पाहिलं. खाली सतरंजीच होती.

झीलकऱ्याचं काम मला करावंच लागलं. “रघोजी, तंजावूर,” मी म्हणालो.

त्यानं मान हलवली आणि गाऊ लागला. पहिल्यापासून. त्याच शब्दांत, त्याच जागी खोकून, तेच वळण घेऊन, आणि पुन्हा तिथेच थांबला.

अकरा वेळा मी त्याचं नाव घेतलं. मुलाकडच्या काकांना हीच आमची रीत वाटली. ते माना डोलवत होते. संगीता मात्र माझ्या कानाशी आली. “ताता, हे तेच तेच का गातायत?”

“जुनी पद्धत आहे,” मी म्हणालो.

अकराव्या वेळी त्याच्या आवाजात खरखर येऊ लागली होती. मी नाव घेणं थांबवलं, आरती उरकून टाकली. तो दिवटीशेजारी तसाच उभा राहिला, मी आणि अंबानं दंडाला धरून मागे आणेपर्यंत.

६

डॉक्टर म्हणाले, डोक्यात बारीक रक्तस्राव होऊन गेला असावा. फोटोत दिसला नाही. गोळ्या दिल्या.

घरी तो भरवलं तर जेवतो, निजवलं तर निजतो. बोलत नाही. फक्त कोणी नाव घेतलं की गातो. पोस्टमननं हाक मारली, गायला. गॅसवाल्यानं मारली, गायला. तीन मिनिटं सहा सेकंद. आणि मग तो श्वास धरून बसणं. मला ते पाहवत नाही, म्हणून मी नाव घ्यायचो. तबकडीसमोर त्याला व्हायचं तसंच. पण दर वेळी आवाज थोडा झिजे. आता दुसऱ्या कडव्यातल्या नद्या ऐकूच येत नाहीत. खोकला तेवढा स्पष्ट आहे.

परवा अंबा त्याला ऑटोनं घेऊन आली. दुपारी, शटर अर्ध्यावर असताना. त्याला खुर्चीत बसवलं आणि ती माझ्यासमोर जमिनीवर बसली.

“अण्णा, तुम्ही नाव घ्या.”

“नको, अंबा.”

“का?”

“तबकडी वाजवली की झिजते. मी धंदा करतो, मला दिसतं. अजून फार तर वीस-पंचवीस वेळा. मग नुसती खरखर राहील.”

“आणि नाही घेतलं तर?”

मी त्याच्याकडे पाहिलं. तिला कळलं.

“असं उभं ठेवलंय त्यांना,” ती म्हणाली. “रात्री शेजारी झोपते तर श्वास सोडत नाहीत. मी मोजत राहते.” मग, “ती तट्टु, ती तबकडी, फोडून टाका ना.”

“आणि तो तिच्यात असेल तर?”

हे मी तोवर कोणापाशी बोललो नव्हतो. स्वतःपाशीही नाही. लग्नापासून मी ग्रामोफोनचं झाकण उघडलं नव्हतं. त्यावर एक पितळी घंगाळ ठेवून दिलं होतं.

अंबा पदराच्या काठाशी चाळा करत राहिली. “मी यांचं नाव कधी घेतलं नाही,” ती म्हणाली. “लग्नात नाव घे म्हणाले सगळे, मी रडायला लागले. सासूनं सोडवलं. एकेचाळीस वर्षं ‘अहो’वर काढली. मी घेतलं तर?”

“गाईल. दुसरं काय?”

“मज गाणं नको आहे, अण्णा.”

ती उठली. खुर्चीसमोर गेली नाही, बाजूला उभी राहिली, नव्या नवरीसारखी मान खाली घालून. आणि हळू, कोणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाली, “रघोजी.”

खुर्चीतला माणूस हलला नाही. त्याचे ओठही हलले नाहीत.

मागून, ग्रामोफोनच्या बाजूनं, घंगाळाखालून, मिटलेल्या झाकणाखालून आवाज आला.

“ओ.”

गाण्यातला आवाज नव्हता तो. स्वयंपाकघरातून हाक आल्यावर दारातल्या माणसानं द्यावा तसा, थोडा कंटाळलेला, घरातला. चावी दिलेली नव्हती. मी तशी शपथ घेऊ शकतो.

अंबानं वर पाहिलं. माझ्याकडे नाही, खुर्चीकडे तर नाहीच. ती ग्रामोफोनपाशी गेली, घंगाळ दोन्ही हातांनी उचलून खाली ठेवलं, आणि झाकणाला कान लावून बसली. तिचे ओठ हलत होते. काय बोलत होती ते मला ऐकू आलं नाही. मधे मधे ती थांबे, कोणीतरी उत्तर देत असताना आपण थांबतो तितकंच. मग पुढे बोले. एकदा तर हसली.

मी शटरकडे तोंड करून उभा होतो. बाहेर ऊन होतं, एक मोपेड गेली. मागे वेताची खुर्ची करकरली.

त्या माणसानं धरलेला श्वास सोडला. फार लांब श्वास होता तो, संपता संपेना. मग त्याची पावलं माझ्यामागे येऊन थांबली. रघोजी पाय ओढत चाले. ही पावलं ओढत नव्हती.

“हें दुकान आपलें?” तो म्हणाला. मराठी आमचंच, पण माझ्या पोथ्यांतलं. आवाज रघोजीच्या घशातला, किंचित खोल.

मी मान हलवली. वळलो नाही.

“फार दिवस उभा होतों,” तो सौजन्यानं म्हणाला. “आपलें नांव काय?”

पन्नास वर्षं या दारात कोणीही मला नाव विचारलं की मी हसून सांगत आलो. धंद्याची पहिली गोष्ट ती. ते माझ्या जिभेवर आलंही. रघोजीनंही नावच दिलं होतं. मी दात मिटले, आणि मागे तो, पुन्हा एकदा, अगदी शांतपणे, श्वास घेऊन थांबला.